आजोबांची आठवण आणि आजचा दिवस

आजोबा अथवा आजी निवर्तली म्हणजे घर सुने होते, आणि शोक करणे हेही स्वाभाविक आहे. परंतु आठवणीत बसून राहणे निराळे व आठवणीने उठून कामास लागणे निराळे. ह्याविषयी आपल्याच मुलखातील एक उदाहरण पाहू.

बाबा आमटे ह्यांचा जन्म 1914 साली हिंगणघाट येथे झाला. ते वकील होते. एका कुष्ठरोग्यास पाहून ते भयाने दूर पळाले. पुढे त्याच भयाशी झुंजून त्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापिली व वरोऱ्याजवळील खडकाळ माळावर आनंदवन वसविले. 1973 साली भामरागडच्या अरण्यात, हेमलकसा येथे, माडिया लोकांकरिता लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पुत्र डॉ. प्रकाश व सून डॉ. मंदाकिनी ह्यांनी तेथे बिऱ्हाड केले. त्यांचे पुत्र दिगंत व अनिकेत हे तेथील आश्रमशाळेत माडिया मुलांसोबत शिकले.

9 फेब्रुवारी 2008 रोजी बाबा निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांस आनंदवनातच भूमीत पुरले. नातवांनी आजोबांचे स्मरण कसे राखिले? दिगंत डॉक्टर होऊन हेमलकशाच्या दवाखान्यात उभे राहिले. अनिकेत ह्यांनी व्यवस्थेचा भार उचलिला. आजोबांपुढे कुष्ठरोगी होते. नातवांपुढे हिवताप व सर्पदंश ह्यांनी पीडलेले लोक आले. काम बदलले, पण दारी आलेल्या दुःखितास आजच हात देण्याची रीत तीच राहिली. हाच खरा वारसा होय.

आणखी एक गोष्ट. ज्यांचे आजी-आजोबा हयात आहेत, त्यांनी विलंब करू नये. रानातील कोणता कंद खाण्याजोगा, मोहफुले कशी वाळवून साठवावी, टंचाईच्या वर्षी चूल कशी पेटती ठेवली, हे ज्ञान पुष्कळ घरी केवळ वृद्धांच्या मुखी आहे. ते आज न विचारल्यास त्यांच्याबरोबरच मातीत जाईल, व मागाहून केलेल्या शोकाने परत येणार नाही.

शिक्षकांनी विचारावयाचे प्रश्न:

1. आजोबांचे व नातवांचे काम कशात निराळे व कशात एक होते?
2. तुमच्या आजीची अथवा आजोबांची कोणती रीत तुम्ही आज चालवीत आहा?
3. ह्या आठवड्यात तुम्ही कोणत्या वृद्धाजवळ बसून काय विचाराल?