दीर्घ आजार, खचलेले मन आणि परिचारिका

धारवाड येथे 1845 मध्ये मनोरुग्णांसाठी एक रुग्णालय सुरू झाले. धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने येरवडा, ठाणे व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांप्रमाणे हे रुग्णालयही मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. अशा संस्थांना त्या काळी ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणत आणि तेथे परिचारिकेपेक्षा राखणदाराला अधिक महत्त्व असे. रुग्ण पळून जाऊ नये, त्याने कोणास इजा करू नये, एवढाच हेतू. 1912 च्या कायद्याची दृष्टीही मुख्यतः बंदोबस्ताचीच होती. तेच रुग्णालय आज ‘डिमहान्स’ या नावाने मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची संस्था म्हणून ओळखले जाते.

तेथून सुमारे वीस किलोमीटरवर हुबळी आहे. 1957 मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय तेथे आहे. मधुमेह, क्षय, मूत्रपिंडाचे विकार, पक्षाघात, कर्करोग अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्यांचे रुग्ण अशा रुग्णालयांत येतात. शरीराचे दुखणे हुबळीला आणि मनाचे धारवाडला, अशी वाटणी करणे सोपे आहे. रुग्ण मात्र असा दोन गावांत वाटून आजारी पडत नाही. हुबळीच्या रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. पण खाटेवरच्या रुग्णाला त्या विभागाची गरज आहे, हे प्रथम कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते. ते बहुधा परिचारिकेच्या येते, किंवा कोणाच्याच येत नाही.

उदाहरणादाखल पन्नाशीतला एक शेतकरी घेऊ. दहा वर्षांचा मधुमेह, पायाला न भरणारी जखम. इन्शुलिन टोचून घ्यायचे तो टाळतो, ताट अर्धे ठेवतो, पहाटे तीनलाच जागा होतो. घरचे म्हणतात, “हट्टी झाले आहेत.” डॉक्टर साखर वाढलेली पाहून इन्शुलिनची मात्रा वाढवतात. प्रत्यक्षात वाढवलेली मात्राही टोचलीच जात नाही, कारण आपण बरे होणार नाही आणि घराला भार झालो आहोत, असे त्याच्या मनाने घेतले आहे. मधुमेह असलेल्यांत विषण्णतेचा विकार इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. विषण्णतेमुळे पथ्य व औषध सुटते, साखर वाढते, जखम चिघळते आणि चिघळलेली जखम मन आणखी खचवते. येथे दोष रुग्णाच्या स्वभावाचा नसून उपचार करता येण्याजोग्या दुसऱ्या आजाराचा असतो.

हा आजार ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश राहिले काय, आणि पूर्वी ज्यात गोडी होती त्यात ती उरली नाही काय, हे दोन प्रश्न जगभर विचारले जातात. एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर पुढील तपासणी करावी. मात्र प्रश्न रुग्णाच्या बोलीत विचारला पाहिजे. खानापूर किंवा निपाणीकडची मराठी म्हातारी ‘मला विषण्णता आली आहे’ असे कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, जीव घाबरतो, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, डोके जड झाले आहे. ‘बेजार’ हा शब्द तर दोन्ही भाषांत आहे; पण कानडी माणूस ‘बेजारु’ म्हणतो तेव्हा त्यात उदासपणा किंवा कंटाळा असतो आणि मराठी माणूस ‘बेजार झालो’ म्हणतो तेव्हा तो त्रासाने जेरीस आलेला असतो. सीमाभागातील परिचारिकेने हा फरक कानात साठवून ठेवणे म्हणजे तिच्या कामाचाच भाग होय. छातीतील धडधड तपासून हृदय निर्दोष ठरल्यावर “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगून रुग्णाला घरी धाडणे, ही सर्वांत सहज घडणारी चूक आहे.

उलट बाजूनेही सावध राहावे लागते. वृद्ध रुग्ण एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागला, रात्री अधिक बिथरला, माणसे ओळखेनासा झाला, तर ते मनाचे दुखणे समजून थांबू नये. रक्तातील साखर फार उतरणे, जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी वा क्षार कमी होणे यांमुळे असे घडते आणि तेथे तातडीचा इलाज लागतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीन या औषधाने काहींना भ्रम होतो किंवा मन खचते. अशा वेळी रुग्णाने औषध आपल्या मनाने बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

जुन्या मनोरुग्णाच्या शारीरिक आजाराकडे तर फारच दुर्लक्ष होते. पोट दुखते म्हटले, तरी “याचे नेहमीचेच” म्हणून सोडून दिले जाते. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी वजन व रक्तातील साखर वाढू शकते; म्हणून दर भेटीस वजन घेणे आणि ठरावीक मुदतीने साखर तपासणे आवश्यक असते. लिथियम घेणाऱ्याला जुलाब-वांत्या झाल्या, किंवा त्याने कडक उपास धरला, तर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकते. हातांना जोराची थरथर सुटणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. श्रावणात ही गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे.

वॉर्डातील परिचर्येचे काम बाहेरून पाहणाऱ्यास किरकोळ वाटेल. गोळी हातावर न ठेवता ती गिळेपर्यंत उभे राहणे, किती खाल्ले व किती झोप झाली याची नोंद ठेवणे, पट्टी बदलताना पाच मिनिटे बसून ऐकणे. विषण्णतेवरील गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही तर आठव्या दिवशी “काही उपयोग नाही” म्हणून ती बंद होते. मग घरच्यांना सांगावे लागते, “हट्ट नाही, हा आजार आहे.” एका परिचारिकेकडे खाटांची लांब रांग असताना ही पाच मिनिटे आणायची कोठून, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर तिने एकटीने द्यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

जगणे नको झाले आहे काय, हे स्पष्ट विचारण्यास अनेकजण कचरतात. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने रुग्ण बहुधा मोकळा होतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व जादा गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 29 मे 2018 पासून अंमलात आलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले जाते. तिला उपचार मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. त्याच कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे.

दर वेळी धारवाड गाठण्याची गरज नाही. 1980 च्या दशकात बंगळूरच्या ‘निमहान्स’ने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवून मनोविकारांवर गावाजवळच उपचार करता येतात हे दाखवून दिले. त्याच अनुभवावर 1996 पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. महाराष्ट्रातील रुग्णांनी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, मधुमेहाची, रक्तदाबाची, झोपेची, एकाच पिशवीत घालून न्यावीत. शिक्षक, ग्रामसेवक व आशा कार्यकर्त्या यांनी ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा. ही सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते.