सेवेचें समाधान व सेवेचा मोबदला

आपल्या गांवची आशाताई आपणां सर्वांस ठाऊक आहे. ही योजना 2005 सालीं सुरू झाली. सुमारें हजार वस्तीमागें एक स्त्री, तीहि त्याच गांवची. गरोदर बायांस दवाखान्यांत नेणें, लसीसाठीं मुलें गोळा करणें, नवजात बालकांस घरीं जाऊन पाहणें, हें तिचें काम. अशा कामांत समाधान आहे. मग 2021 सालीं महाराष्ट्रांतील आशांनीं संप कां केला?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग ह्यांनीं 1959 सालच्या ग्रंथांत सहकाऱ्यांसह असें मांडिलें कीं, समाधान व असमाधान हीं एकाच तराजूचीं पारडीं नव्हेत. समाधान कामांतील यश, मान व जबाबदारी ह्यांपासून उपजतें. असमाधान वेतन, वरिष्ठांची वागणूक व कामाची स्थिति ह्यांपासून. म्हणून एकाची उणीव दुसऱ्यानें भरत नाहीं.

आशाताईंची गोष्ट हेंच शिकविते. 2022 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला. तथापि सरकारदरबारीं त्या नोकर नव्हेत, स्वयंसेविका. मोबदल्याचा कांहीं भाग कामागणिक. मानानें चूल पेटत नाहीं.

आम्हांस वाटतें, आपण दोन गोष्टी कराव्या. मध्यरात्रीं तिला बोलाविलें तर परततांना सोबत द्यावी. आणि ती मजुरी मागते तेव्हां "ही तर सेवा" असें म्हणून तिचें तोंड बंद करूं नये.

विचारासाठीं प्रश्न : आपल्या घरीं वा शेतांत राबणाऱ्यांस आपण काय देतों, नुसता मान, नुसता पैसा, कीं दोन्ही?