बॉडीही हवी, ग्राउंडही काढायचंय: जालन्यात खर्च किती?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जालना, अंबड, भोकरदन, परतूरच्या मोकळ्या मैदानांवर पहाटे पोरंपोरी धावू लागतात. संध्याकाळी त्यातलीच बरीच मुलं जिममध्ये दंड फुगवताना दिसतात. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत. वर्दी हवी आहे आणि शर्टाची बाही भरलेलीही हवी आहे. इथेच खिसा कापला जातो, कारण बाजार या दोन गोष्टी वेगवेगळ्या विकतो: एक ‘फंक्शनल’ बॅच, एक ‘मास गेन’ पॅकेज आणि वर पावडरचा डबा. महिना चार-पाच हजार रुपये सहज जातात आणि ते बहुधा शेतातल्या मालाच्या पैशातून येतात. एकच बारबेल आणि एकच मैदान वापरून दोन्ही साधता येतं. राहिलेला पैसा ताटात गेला पाहिजे. तो कसा, हे पुढे आकड्यांनिशी मांडतो. भाव ढोबळ आहेत. आपल्या दुकानातला आणि आपल्या जिमचा आकडा घालून हिशेब पुन्हा करावा.

भरती नेमकं काय मागते

पोलीस शिपायाची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15 गुण. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवले तर पूर्ण 20 मिळतात, 7.260 किलोचा गोळा साडेआठ मीटर गेला तर पूर्ण 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर असतात आणि 4 किलोचा गोळा सहा मीटर टाकला की पूर्ण गुण. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 3 जालन्यातच आहे. त्या दलाच्या भरतीत 5 किलोमीटर धावायचं असतं आणि मैदान 100 गुणांचं असतं. जाहिरातीतला तक्ता दर वेळी नीट वाचावा.

मुलांची छाती मागतात ती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून किमान 5 सेंटिमीटर जास्त. हे पाच सेंटिमीटर श्वासाने आणि बरगड्या उघडण्याने येतात. नुसत्या बेंच प्रेसने मूळ माप वाढेल, फुगवण वाढेलच असं नाही. म्हणून ‘भरतीसाठी चेस्ट स्पेशल’ अशा नावाखाली कोणी वेगळे पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

या चाचणीत आकाराला थेट एकही गुण नाही. धावताना अंगावरचा प्रत्येक किलो वाहून न्यावा लागतो. पण 100 मीटर आणि गोळा या दोन्हींत मांड्या, पाठ आणि खांद्यांतला जोर गुण देतो, आणि तो जोर वाढवताना थोडा स्नायू वाढतोच. मुलींनी हे विशेष ध्यानात घ्यावं. जड वजन उचललं तर अंग पुरुषी होतं या भीतीने अनेकजणी गोळ्याचे गुण सोडून देतात. ती भीती खोटी आहे. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की वजनाने तिचा जोर झपाट्याने वाढला तरी आकार सावकाशच वाढतो.

दोन्ही एकत्र जमतं का

1980 मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने काही जणांना आठवड्यात पाच दिवस जड व्यायाम आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम असा एकत्र दिला. सुरुवातीला ताकद वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत थांबली आणि घसरली. ‘धावलास तर बॉडी जाईल’ हे जिममधलं वाक्य अशाच निष्कर्षांच्या आधारावर उभं आहे. पण तेवढं काम कोणालाही मोडून काढेल. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की बेताचं धावणं स्नायूंच्या आकाराला फारसं आड येत नाही. आड येतं ते झटक्याच्या ताकदीला, तेही धावणं आणि वजन एकाच वेळी उरकलं तर. गोळा आणि 100 मीटर म्हणजे झटकाच. त्यामुळे पहाटे धावावं आणि संध्याकाळी वजन उचलावं. मध्ये निदान सहा तास असावेत. जालन्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात तसंही दुसरी वेळ सापडत नाही.

आकार आणि ताकद यांत फरक एवढाच की आकार वाढतो तो स्नायू थकव्याच्या टोकाजवळ नेल्यावर, मग रेप्स सहा असोत की वीस. जोर वाढतो तो जड वजन तीन ते पाच रेप्समध्ये स्वच्छ उचलल्याने. म्हणून एकाच संध्याकाळी आधी स्क्वॉट, डेडलिफ्ट किंवा उभ्याने प्रेस जड करावा आणि नंतर दंड, पाठ, खांद्यांचे दोन-तीन व्यायाम आठ ते पंधरा रेप्सनी. आठवड्यात असे तीन दिवस पुरतात.

मोंढ्यातला हमाल पाठीवर पोतं घेऊन दिवसभर चालतो. तसली कामाची ताकद कोणत्याही फंक्शनल बॅचमधून विकत मिळणार नाही. तरी त्याचं अंग भरलेलं असतंच असं नाही, कारण पोत्याचं वजन वर्षानुवर्षं तेच राहतं, खुराक तुटपुंजा असतो आणि विश्रांती नसते. उलट पैलवान पाहा. डिसेंबर 2018 मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली आणि शेजारच्या बुलडाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेख यांनी अभिजित कटकेंना हरवून गदा जिंकली. त्या आखाड्यात उतरलेल्यांच्या अंगात आकार आणि उपयोग वेगळे काढता येत नव्हते. जोर, बैठका, दोरीवर चढणं, प्रत्यक्ष लढत, आणि त्या जोडीला खुराक आणि झोप. वाढतं ओझं, अन्न आणि झोप या तिघांपैकी एक जरी कमी पडलं तरी आकार थांबतो, आणि यांतल्या कशालाही वातानुकूलित हॉल लागत नाही.

फी

तालुक्याच्या गावात साध्या जिमला महिना 500 ते 800 रुपये धरून चाला, जालना शहरातल्या वातानुकूलित जिमला 1000 ते 2000. पर्सनल ट्रेनर हवा असेल तर वर आणखी 3000 ते 6000. गावच्या तालमीत वर्गणी नाममात्र असते, काही ठिकाणी नसतेच. धावायला जिल्हा क्रीडा संकुल आहे, तालुक्यांतही संकुलं आहेत. प्रवेशाची वेळ आणि शुल्क तिथल्या कार्यालयात विचारावं. उद्यानांतल्या खुल्या व्यायामशाळा आजी-आजोबांना उत्तम, पण त्यांत वजन वाढवायची सोय नसते, म्हणून तुमच्या कामाच्या नाहीत.

जिम निवडताना आरसे आणि ट्रेडमिल मोजू नका. रॅक आहे का, बारला सरळपणा आहे का, डेडलिफ्ट जमिनीवर ठेवू देतात का आणि सुट्या प्लेट 100 किलोंपर्यंत पुरतात का, हे पाहा. ट्रेडमिलवर कमावलेली वेळ मैदानावर तशीच उतरत नाही, आणि वीज गेली की तोही बंद. ‘फंक्शनल’च्या नावाने महिना 500 ते 1000 जादा घेतात, ते दोर, टायर आणि किटलबेलचे. त्याऐवजी युरियाच्या रिकाम्या गोणीत वीस-पंचवीस किलो वाळू भरा, तोंड घट्ट शिवा आणि ती छातीशी धरून चाळीस-चाळीस मीटर चाला. टायर पंक्चरवाल्याकडे जुना मिळतो.

ट्रेनरचे पैसे एकाच प्रसंगी वसूल होतात: पहिला महिनाभर, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट बिनचूक शिकण्यासाठी. तोही नोंदवही ठेवायला लावणारा असावा. मागच्या आठवड्यात तुम्ही किती उचललं हे ज्याला सांगता येत नाही, तो पुढच्या आठवड्यात वजन कशाच्या आधारे वाढवणार?

घरी करायचं तर ओतीव लोखंडाच्या प्लेट किलोला 100 ते 150 रुपयांनी मिळतात. 60 किलोंचे 6 ते 9 हजार, चांगला रॉड दोन हजारांच्या आसपास, स्टँड-बेंच पाच ते आठ हजार. म्हणजे तेरा ते एकोणीस हजार. एकट्याला हे महाग पडतं. दोन-तीन भावांनी किंवा मित्रांनी मिळून घेतलं तर दोन वर्षांत जिमपेक्षा स्वस्त होतं. पुलअप बार तर विकत आणूच नये. जालना हे सळयांचं शहर आहे, फॅब्रिकेशनची दुकानं जागोजागी आहेत. दीड-दोन हजारांत पाइपचा पक्का बार भिंतीत ठोकून मिळतो. मात्र टीएमटी सळईला प्लेट लावून बारबेल करू नका. ती जड वजनाने वाकून तशीच राहते आणि तिच्या कडा तळहात सोलतात.

बूट हा खर्च टाळू नये. डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी धावून नडगी दुखावली तर सगळी तयारी महिनाभर मागे जाते. 1500 ते 3000 रुपये ठेवा. भरतीच्या वजनाचा गोळा हजाराच्या आसपास येतो. चार-पाच जणांत एक पुरतो.

ताट

खरा पैसा इथे घालायचा आहे. स्नायू वाढवायला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात. 65 किलोच्या मुलाला 104 ग्रॅम. आता घरातलंच मोजू. ज्वारीच्या चार भाकरी, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम पीठ, 32 ग्रॅम देतात. साठ ग्रॅम डाळीचं वरण 13, अर्धा लिटर दूध 16, मूठभर म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाणे 12. झाले 73. कमी पडतात 31 ग्रॅम.

हे 31 ग्रॅम कशाने भरायचे यावर महिन्याचा खर्च ठरतो. सोयाबीनच्या वड्यांत 100 ग्रॅमला 52 ग्रॅम प्रथिनं असतात. किलोला 150 रुपये धरले तर रोजच्या 60 ग्रॅमचे नऊ रुपये, महिन्याचे 270. पाच अंडी घेतली तर सात रुपयांच्या भावाने महिना 1050. व्हे पावडर किलोला 2500 रुपये, तिच्या तीस मापांत प्रत्येकी 24 ग्रॅम, म्हणजे महिना जवळपास 3200. आणि तालमीतल्या खुराकाचा मान ज्याला, तो बदाम? 900 रुपये किलोने बदामातून हे 31 ग्रॅम घ्यायचे तर दिवसाला सव्वाशे रुपयांच्या वर लागतात. बदाम चांगला आहे, पण प्रथिनांसाठी तो व्हेपेक्षाही महाग पडतो. फुटाणे आणि शेंगदाणे मधल्या भावात बसतात.

आपल्याच जिल्ह्यात पिकलेलं सोयाबीन मोंढ्यात विकून त्या पैशाचा डबा आणणाऱ्या घरांची मला काळजी वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं आहे. मी तितका कडक नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या, अंडं न खाणाऱ्या मुलाला एखादं माप सोयीचं पडू शकतं. पण घेणार असाल तर डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक पाहा, तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासा आणि बिल घ्या. लेबल नसलेली सुटी पावडर कोणीही, कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी नको. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम ही पूरक गोष्ट पुराव्याने टिकते. पण तिने अंगात पाणी धरून वजन थोडं वाढतं, म्हणून 1600 मीटरवाल्याने आधी स्वतःवर तपासून पाहावं.

आणि इंजेक्शन. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी डॉक्टर वापरतात ते मेफेन्टरमाइन जिमच्या पोरांना विकणाऱ्यांवर राज्यात कारवाया झाल्या आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीव जाऊ शकतो. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी वृषणांचं काम थांबतं, मूल होण्यात अडचण येते. याची किंमत रुपयांत सांगण्यात अर्थ नाही. जिथे हे मिळतं ती जिम सोडा, भरलेली फी बुडाली तरी सोडा.

आता परत सरावाकडे. मैदानाची तारीख आली की शेवटचे सहा ते आठ आठवडे आकाराचं काम एक तृतीयांशावर आणा आणि धावणं वाढवा. तरुण अंगात कमावलेला स्नायू तेवढ्यावरही महिनोन्‌महिने टिकतो. इथे घाबरून दोन्ही पूर्ण जोमाने चालू ठेवणारेच मैदानावर दमलेले उतरतात.

पावती आणि तक्रार

वर्षाची फी एकदम भरली तर सवलत मिळते. ती सवलत घेण्याआधी एक महिना भरून पाहा. तीन महिन्यांहून मोठं पॅकेज घेतलं तर जिम बंद पडली, जागा बदलली किंवा तुम्हाला दुखापत झाली तर काय, हे पावतीच्या मागे लिहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. बिलात अजून 18 दिसत असेल तर विचारा. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सहसा नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर तो कर देऊ नका.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे अडकले तर आधी मालकाला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर का होईना. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. तरी ऐकलं नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. 5 लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही. पावती, पैसे भरल्याचा यूपीआयचा पुरावा आणि जिमच्या जाहिरातीचा फोटो एवढं सोबत न्या.