विद्यार्थ्याचे रोजचे जीवन व त्याचा खरा निबंध
(तरुण मुलामुलींच्या वर्गासाठी पाठ)

पाठाचा हेतू : हायस्कुलात शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या रोजच्या जीवनाकडे सरळ दृष्टीने पाहावे, जे दिसेल ते भीड न धरता लिहावे, आणि आपण कोणत्या गोष्टींस मोल देतो हे त्यावरून ओळखावे.

१. वहीतील घर व खरे घर

वाचकहो, मावळातील कुरवंडे हे गाव आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. लोणावळ्याजवळ घाटमाथ्यावर ते वसले आहे. नागफणीचा सुळका त्याच्या शेजारी उभा आहे, आणि येथूनच जुनी घाटवाट कोकणात उतरते. १६६१ साली कारतलबखानाची फौज ह्या वाटेने खाली गेली, व उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिला कोंडून शरण आणिले. हा इतिहास गावच्या मुलांस पाठ असतो, व तसा तो असावाही. परंतु त्यांच्या स्वतःच्या घराचा इतिहास त्यांस कोणी विचारतो काय?

अशा गावचा एक मुलगा आपण मनापुढे आणू. तो नववीत आहे. पहाटे गोठ्यातील शेण काढून, पाणी भरून, तो लोणावळ्यास शाळेत जातो. घाटमाथ्यावरचा पाऊस म्हणजे काय, हे त्यास सांगावे लागत नाही. आषाढात छपरावर ताडपत्री बांधावी लागते व रात्री गळतीखाली भांडी ठेवावी लागतात. सुटीच्या दिवशी आई रस्त्याच्या कडेला बसून पर्यटकांस मक्याची कणसे भाजून देते, आणि तो निखाऱ्यांस वारा घालतो.

शाळेत निबंधाचा विषय मिळतो, 'माझे घर'. मुलगा बाजारातले गाईड उघडतो. त्यात टुमदार बंगला आहे, पुढे गुलाबांची बाग आहे, बाबा कचेरीतून मोटारीने परत येतात. मुलगा ते सारे आपल्या वहीत उतरवून काढतो. अक्षर चांगले, चुका नाहीत. गुणही चांगले मिळतात.

कोणी म्हणेल, ह्यात एवढे काय बिघडले? कोणाचे धन चोरले नाही, कोणास दुखविले नाही. पण थोडा विचार करावा. ज्या छपराखाली तो निजतो ते लिहिण्याजोगे नाही, ज्या हातांनी त्यास शाळेत धाडिले ते हात सांगण्याजोगे नाहीत, असे तो नकळत मान्य करून बसला. आज त्याने वहीतून आईस वगळले. उद्या मित्रांसोबत रस्त्याने जाताना कणसे भाजणारी ती बाई आपली आई आहे, हे सांगण्यास त्याची जीभ अडखळेल. घराची लाज अशीच हळूहळू मनात शिरते, आणि तिच्या पाठोपाठ माणूस आपल्या माणसांस पारखा होतो.

२. मुक्तेचा निबंध

ह्याच्या अगदी उलट असे एक उदाहरण आपल्याच प्रांतात घडले आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ पासून शाळा चालविल्या. त्यांच्या शाळेत मांग जातीची मुक्ता साळवे नावाची एक मुलगी शिकत होती. तिचे वय सुमारे १४ वर्षांचे, म्हणजे आजच्या आठवी-नववीतील मुलीएवढे होते. मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी तिने एक निबंध लिहिला, आणि तो अहमदनगर येथे १८४२ साली निघू लागलेल्या 'ज्ञानोदय' पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांनी छापला गेला.

त्या निबंधात मुक्तेने काय लिहिले? जे तिच्या वस्तीत रोज घडत होते तेच. छप्पर नसलेल्या घरच्या बायांस बाळंतपणात पाऊस व थंडी कशी सोसावी लागते, हे तिने लिहिले. वरच्या जातीच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले, तरी आपल्या मुलांस तक्रार करण्याची सोय नाही, हे लिहिले. पेशवाईत आपल्या लोकांचा कसा छळ झाला, ह्याविषयी जे सांगितले जात असे तेही तिने मांडले. मग तिने एक सरळ प्रश्न विचारला. वेद वाचण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा असेल, व आम्हांस धर्माचे पुस्तकच नसेल, तर आमचा धर्म तरी कोणता? हा प्रश्न तिने देवापुढे ठेविला. शेवटी आपल्या लोकांकडे वळून, विद्या हेच ह्या दुखण्यावरचे औषध आहे, ते घ्या, अशी कळकळीची विनंती तिने केली.

हे लिहिताना तिजपुढे कोणतेही गाईड नव्हते. तिच्या जातीच्या मुलीने असे काही लिहावे, ह्याचा कित्ता घालून देणारेही कोणी नव्हते. पौने दोनशे वर्षांच्या सुमारास काळ लोटला, तरी तो निबंध आजही वाचला जातो. त्याच काळी शाळांतून नकलून काढलेले सुंदर अक्षरातील किती निबंध कोठे गेले, ह्याचा पत्ता नाही.

३. तिच्यापासून घ्यावयाच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, तिने डोळ्यांनी पाहिलेले लिहिले. 'गरिबी फार वाईट' असे कोणीही लिहील. परंतु भिजत बसलेली बाळंतीण जिने पाहिली, तीच तिच्याविषयी लिहू शकते. मोघम वाक्यास वाचणाऱ्याने मान डोलवावी व पान उलटावे; पाहिलेली गोष्ट मात्र त्यास थांबविते.

दुसरी गोष्ट, तिने आपल्या लोकांची लाज धरिली नाही. त्यांचे हाल तिने झाकले नाहीत, आणि त्या हालांमुळे ते हलके आहेत असेही मानले नाही. दारिद्र्य हा दोष नव्हे. ज्या वागणुकीने ते माणसावर लादले जाते, ती वागणूक दोषी आहे, हा भेद त्या कोवळ्या वयात तिला कळला होता.

तिसरी गोष्ट, दुःख सांगून ती थांबली नाही. ह्यापुढे आपण काय करावे, हेही तिने सांगितले. मनात येणारा विचार जेव्हा कृतीची वाट दाखवितो, तेव्हाच त्यास मूल्य म्हणता येते. एरवी ती नुसती हळहळ असते.

४. रोजच्या कामातील कसोटी

मूल्य हा शब्द मोठा वाटतो, म्हणून मुले तो थोरांच्या चरित्रांत शोधतात. तो घरातच शोधावा. साने गुरुजी १९२४ ते १९३० ह्या काळात अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते व तेथील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचीही जबाबदारी त्यांजवर होती. मुलांच्या अस्ताव्यस्त पडलेल्या वस्तू ते न बोलता आवरून ठेवीत, आणि मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढीत. केर काढणे व लिहिणे ही दोन्ही कामे एकाच हातास शोभतात, हे मुलांस त्यावरून कळले.

आपल्या त्या कुरवंड्याच्या मुलाचीही कसोटी अशाच लहान प्रसंगी लागते. घाईतील पर्यटक पन्नासाची समजून शंभराची नोट देऊन निघाला, तर मुलगा हाक मारील काय? बहीण त्याच इयत्तेत असता पाण्याचा हंडा नेहमी तिच्याच डोक्यावर का? दरीच्या कडेला लोकांनी टाकलेल्या बाटल्या पाहून तो लोकांस नावे ठेवील, की गावच्या पोरांस घेऊन त्या गोळा करील? ह्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गाईडात छापलेली नाहीत.

५. वर्गात करावयाचे काम

शिक्षकबंधूंनी मुलांस सात दिवसांची एक वही ठेवावयास सांगावे. रोज पाच ओळी पुरेत, पण त्या त्या दिवशी स्वतः पाहिलेल्या किंवा केलेल्या गोष्टीच्याच असाव्यात. वही तपासताना आधी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढू नयेत. नाहीतर मूल पुन्हा गाईडाकडे पळेल. मुलाची परवानगी असल्याखेरीज त्याचे लिखाण वर्गात वाचून दाखवू नये. आणि कोणाच्या घरच्या अडचणीवर कोणी हसले, तर तेथेच पाठ थांबवून त्या हसण्याविषयी बोलावे. त्या दिवसाचा खरा पाठ तोच होय.

आईबापांनीही एवढे करावे. मुलाने घराविषयी खरे लिहिले म्हणून 'घरची अब्रू घालविलीस' असे त्यास म्हणू नये.

मनन व चर्चा

१. 'माझे घर' ह्या विषयावर तुम्ही पूर्वी काय लिहिले होते? त्यातील किती खरे होते?
२. मुक्तेने आपल्या निबंधात रोजच्या जीवनातील कोणत्या गोष्टी घेतल्या? तुमच्या वस्तीतील अशी एक गोष्ट सांगा, जी सर्वांस दिसते पण कोणी लिहीत नाही.
३. घरातील कोणते काम तुम्ही दुसऱ्यावर ढकलता? ते उद्यापासून कोण करील?