घटक ३ : औद्योगिकीकरणाचा उगम आणि आरंभीचे शोध

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• इंग्लंडमधील आरंभीच्या यंत्रशोधांची साखळी कारणांसह सांगता येईल.
• मुंबईत कापडगिरण्या कोणत्या परिस्थितीत उभ्या राहिल्या, हे स्पष्ट करता येईल.
• महाड-पोलादपूरसारख्या गिरणी नसलेल्या प्रदेशाचे औद्योगिकीकरणातील स्थान विशद करता येईल.
• यंत्र आणि समाजरचना यांच्या संबंधाची चिकित्सा करता येईल.

३.१ प्रास्ताविक

रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या पाचाड गावात राजमाता जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. इतिहासाचा अभ्यासक तेथे जातो तो सतराव्या शतकाचा मागोवा घेत. औद्योगिक क्रांतीचा विचार करताना मात्र हे गाव सहसा कोणाला आठवत नाही. येथे कोळशाची खाण नाही आणि कापडगिरणीचे धुराडेही नाही. तरीही महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली आणि इंग्लंडमध्ये लागलेल्या शोधांचा परिणाम येथील चुलीपर्यंत पोहोचला.

हाताने व घरगुती अवजारांनी होणाऱ्या उत्पादनाची जागा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखानी उत्पादनाने घेणे, या प्रक्रियेस औद्योगिकीकरण म्हणतात. ही व्याख्या बरोबर असली तरी पुरेशी नाही. यंत्र बदलले म्हणजे ते चालवणाऱ्या माणसांमधील संबंधही बदलतात का, हा प्रश्न तिच्यात येत नाही. प्रस्तुत घटकात आपण शोधांचा क्रम पाहत पाहत या प्रश्नापर्यंत जाणार आहोत.

३.२ विषय विवेचन

३.२.१ वस्त्रोद्योगातील शोधांची साखळी

आरंभीचे शोध सुटे सुटे लागले नाहीत. एका शोधाने निर्माण केलेली अडचण दुसऱ्या शोधास कारण झाली. पूर्वी विणकर धोटा हाताने फेकत असे आणि रुंद कापडासाठी दोन माणसे लागत. १७३३ मध्ये जॉन के याने धावता धोटा तयार केला. दोरी ओढताच धोटा मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागला व एकटा विणकर रुंद कापड झपाट्याने विणू लागला.

विणाई वेगवान झाली, पण सूतकताई जुन्याच गतीने चालू होती. सुताचा तुटवडा पडला. या गरजेतून जेम्स हारग्रीव्हज याने १७६४ च्या सुमारास ‘स्पिनिंग जेनी’ बनवली. तिच्यावर एकटा माणूस एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत कातू शकत असे. मात्र हे सूत ताण्यासाठी पुरेसे बळकट नव्हते. रिचर्ड आर्कराइट याच्या जलशक्तीवरील कताईयंत्राने (१७६९) बळकट सूत दिले, तर सॅम्युएल क्रॉम्प्टन याच्या ‘म्यूल’ यंत्राने (१७७९) बळकट आणि बारीक असे दोन्ही गुण साधले. आता सूत उदंड झाले आणि विणाई मागे पडली. तेव्हा एडमंड कार्टराइट याने १७८५ मध्ये यंत्रमागाची कल्पना मांडली. अनेक सुधारणांनंतर एकोणिसाव्या शतकात यंत्रमाग सर्वत्र रूढ झाला.

या साखळीला बाजारपेठेचीही पार्श्वभूमी होती. भारतीय सुती कापडाने इंग्लंडमध्ये एवढी पसंती मिळवली होती की, तेथील लोकर व रेशीम उद्योगाच्या संरक्षणासाठी १७०० व १७२१ मध्ये त्याविरुद्ध कायदे करावे लागले. सुती कापडाची मागणी भारतीय मालाने निर्माण केली आणि पुढे तिचा लाभ इंग्रज यंत्रांना झाला.

३.२.२ वाफेची शक्ती

आर्कराइटचे यंत्र चालण्यास बारमाही वाहणारी नदी आवश्यक होती. सावित्री किंवा गांधारी नदीकाठच्या रहिवाशास या अटीतील अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पावसाळ्यात रोरावणारे पाणी उन्हाळ्यात किती रोडावते, हे त्याने पाहिलेले असते.

खाणीतील पाणी उपसण्यासाठी थॉमस न्यूकोमेन याने १७१२ मध्ये वाफेचे यंत्र उभारले होते. त्यात प्रत्येक फेरीला मुख्य नळकांडे थंड करून पुन्हा तापवावे लागे, त्यामुळे कोळसा अतोनात जळत असे. वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडण्याची युक्ती जेम्स वॉट याने शोधली आणि १७६९ मध्ये तिचे एकस्व मिळवले. १७८० नंतरच्या दशकात या यंत्राने चाक फिरवणेही साध्य झाले. त्यामुळे कारखाना नदीकाठ सोडून, जेथे कोळसा, कामगार आणि बाजार असेल तेथे उभा राहू शकला.

३.२.३ मुंबईतील गिरण्या

इंग्लंडने यंत्रांच्या निर्यातीवर दीर्घकाळ निर्बंध ठेवले होते. १८४३ मध्ये ते उठले. त्यानंतर लँकेशायरच्या यंत्रोत्पादकांना परदेशी गिऱ्हाईक मोकळे झाले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली. ही मुंबईतील पहिली गिरणी होय.

गिरण्यांसाठी लागणाऱ्या गोष्टी मुंबईत वेगवेगळ्या दिशांनी आल्या. भांडवल व्यापाऱ्यांनी पुरवले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव वाढल्याने शहरात मोठा पैसा आला. यंत्रे व कोळसा समुद्रमार्गे आला. १८५३ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग वाढत गेला, तसा देशावरील कापूस बंदरापर्यंत येऊ लागला. पुढे १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सह्याद्रीच्या पावसाची वीजही गिरण्यांना मिळू लागली. राहिला प्रश्न माणसांचा.

३.२.४ महाड-पोलादपूर : श्रमाचा पुरवठा

या तालुक्यांत खोलगट जमिनीत भात आणि उतारावर नाचणी-वरी ही पावसाळी पिके होत. जमिनीचे तुकडे लहान, त्यातून खोती पद्धतीत उत्पन्नाचा वाटा खोताकडे जात असे. पावसाळ्यानंतर घरातील तरुणाच्या हाताला पुरेसे काम नसे. महाड व दासगाव ही सावित्रीवरील खाडीबंदरे, तर बाणकोट तिच्या मुखाशी. या जलमार्गाने मुंबई गाठता येई. गिरणीत काम लागे ते बहुधा जॉबरच्या हातून. त्याच्यापर्यंत पोहोचवणारा कोणी नातलग किंवा गाववाला असे. राहण्याची सोयही गाववाल्यांच्या सामाईक खोलीत होई.

गावाकडे राहिलेल्या बाईकडे शेती, गुरे, मुले आणि म्हातारी माणसे यांचा भार येई. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डरची सोय सुरू केली आणि मजुरीचा काही भाग घरी पोहोचू लागला. गिरणीतील मजुरीने मात्र सगळा संसार भागत नव्हता. कामगाराचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण गावच सांभाळत होते. म्हणजे गिरणीच्या नफ्यात पाचाडसारख्या गावांतील स्त्रियांच्या बिनमोल श्रमाचाही वाटा होता. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद कोठेच आढळणार नाही.

३.२.५ धोटा, पाणी आणि शिवाशिव

आता आपण पुन्हा धोट्याकडे वळू. मागावरील धोट्यातील कांडीचे सूत संपले की, विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. लँकेशायरमध्येही हीच रीत होती. तेथे ती पुढे आरोग्याचा प्रश्न ठरली. मुंबईत तिला वेगळा अर्थ प्राप्त झाला. अस्पृश्य मानलेल्या कामगाराच्या ओठांना लागलेला धोटा आपल्या तोंडाला लागेल, या कारणावरून सवर्ण कामगारांनी त्याला विणकाम खात्यात येऊ दिले नाही. कताई खात्यापेक्षा विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. म्हणजे शिवाशिवीची किंमत रोख पैशात मोजली जात होती.

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. प्रत्यक्षात मात्र पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. या परिषदेच्या संयोजनात अग्रभागी असलेले महाड तालुक्यातील रा. बा. मोरे पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत कार्यरत राहिले. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी विणकाम खात्यातील बंदीचा प्रश्न पुढे आणला.

तळे आणि धोटा या दोहोंत एकच प्रश्न दडलेला आहे. महाडच्या तळ्यावर जो नियम होता, तोच वाफेवर चालणाऱ्या गिरणीत धोट्याला चिकटून राहिला. यंत्राने कामाची गती बदलली, कामाची जागा बदलली, वेळेचे भान बदलले. परंतु माणसाला माणसापासून दूर ठेवणारा नियम त्याने आपोआप मोडला नाही. तो मोडण्यासाठी माणसांनाच उभे राहावे लागले.

३.३ सारांश

आरंभीचे शोध हे एकमेकांच्या अडचणींतून जन्मले. वाफेच्या शक्तीने कारखान्याला नदीपासून मुक्त केले. मुंबईत यंत्रे आयात झाली, तर श्रम कोकण व देशावरील गावांतून आले. ज्या प्रदेशात गिरणी नव्हती, तोही औद्योगिकीकरणाचा भाग होता. तंत्रज्ञानातील बदल आणि सामाजिक बदल यांचा वेग सारखा नसतो, हा या घटकाचा मुख्य निष्कर्ष होय.

३.४ पारिभाषिक शब्द

धोटा : मागावर आडवे सूत वाहून नेणारे साधन.
ताणा-बाणा : कापडातील उभे व आडवे धागे.
चाती : सूत ज्यावर पिळले व गुंडाळले जाते तो दांडा.
एकस्व : शोधाच्या वापरावरील कायदेशीर हक्क.
जॉबर : कामगार भरती करणारा व त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम.

३.५ स्वयंअध्ययन प्रश्न

१. धावत्या धोट्यामुळे सुताचा तुटवडा का पडला?
२. वॉटच्या सुधारणेने कोळशाची बचत कशी झाली?
३. १८४३ हे वर्ष भारतीय गिरणी उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाचे का?

उत्तरे : १. विणाईचा वेग वाढला, पण कताई जुन्याच गतीने चालू राहिली. २. वाफ वेगळ्या पात्रात थंड होऊ लागल्याने मुख्य नळकांडे सतत गरम राहिले. ३. इंग्लंडमधील यंत्रनिर्यातीवरील निर्बंध उठल्याने यंत्रे विकत घेणे शक्य झाले.

३.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘गिरणी नसलेले गावही औद्योगिकीकरणाचा भाग असते.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. धोट्याच्या उदाहरणावरून तंत्रज्ञान व जातिव्यवस्था यांचा संबंध स्पष्ट करा.

३.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या कुटुंबातील अथवा गावातील एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराची किंवा गावी राहून संसार सांभाळलेल्या स्त्रीची मुलाखत घ्या. काम कसे मिळाले, घरी पैसे कसे पोहोचत आणि शेती कोण करी, या तीन मुद्द्यांवर दोन पृष्ठांचे टिपण लिहा.