बिऱ्हाड मांडण्यापूर्वी

२०१२ सालच्या मे महिन्यात लातूरहून मुदखेडला बदली झाल्याचा हुकूम माझ्या हाती पडला आणि पंधरा दिवसांत रुजू होणे भाग असल्यामुळे, जो निर्णय महिनाभर विचार करून घ्यावयास हवा होता तो मी दोन संध्याकाळींत घेऊन मोकळा झालो. मुलगी आठवीत जाणार होती, मुलगा पाचवीत. लातुरात काही वर्षे काढलेल्या माणसाच्या मनावर शाळा-महाविद्यालयांच्या लौकिकाचे जे दडपण बसते, त्यातून मीही सुटलो नव्हतो. मुदखेड म्हणजे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील, जेथून आदिलाबादचा फाटा फुटतो ते जंक्शन, तालुक्याचे पण लहान गाव, एवढीच माझी माहिती होती. आणि आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर नांदेडसारखे शहर असताना मुलांना अशा गावी नेणे म्हणजे त्यांच्या भवितव्याची हानी करणे होय, असे मी मनाशी पक्के ठरवून टाकले.

तेव्हा बिऱ्हाड नांदेडला मांडले. एका नामांकित शाळेत दोघांचे प्रवेश झाले, त्या शाळेच्या जवळपासची भाडी न परवडल्यामुळे घर मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्याने पडलेल्या प्लॉटांच्या वस्तीत घेतले, आणि मी स्वतः रोज मुदखेडला अप-डाऊन करू लागलो. घर आणि शाळा यांच्यामध्ये सात किलोमीटर होते. सात किलोमीटर म्हणजे काय विशेष, असे मला वाटले होते, कारण मी ते मोटारसायकलवरून मोजले होते.

मुलांची गाडी सकाळी सव्वासहाला येई. आमचे घर टोकाचे असल्यामुळे माझी मुले सर्वांत आधी चढत आणि सर्वांत शेवटी उतरत. मधला वेळ गल्लीबोळांतून इतर मुले गोळा करण्यात जाई. श्रावण संपता संपता मुलगी आजारी पडली. लघवीला जळजळ, अंगात ताप. डॉक्टरांनी तपासले आणि ती दिवसाकाठी पाणी किती पिते असे विचारले, तेव्हा माझ्या पत्नीने खाली मान घालून सांगितले की गेले दोन महिने तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली जशी भरून जाते तशीच भरलेली परत येते. गाडी वाटेत थांबत नाही म्हणून लेकराने तोंडाला पाणी लावणेच सोडले होते. मी रोज रात्री घरी येत होतो, अभ्यास विचारत होतो, गुणपत्रिकेवर सही करीत होतो. ती बाटली मात्र मी एकदाही हातात घेऊन पाहिली नाही, ही माझी कसूर आहे आणि ती येथे नमूद केल्यावाचून पुढचे काही लिहिण्याचा अधिकार मला नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही मुदखेडला घर पाहू लागलो. या वेळी मी घाई केली नाही. माझ्या कार्यालयात येणारे एक वयोवृद्ध गृहस्थ होते, ज्यांचे शालेय शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झाले होते आणि ज्यांना गावातले प्रत्येक घर ठाऊक होते. त्यांना मी दोन घरांची नावे सांगितली. पहिले घर ऐसपैस, हवेशीर, भाडेही कमी. ते म्हणाले, "साहेब, घर चांगलं आहे, पण रुळाच्या पल्याड आहे. मालगाडी उभी राहिली की लेकरं डब्याखालून निघतात. तुमची निघणार नाहीत असं तुम्ही म्हणाल. शाळेची घंटा झाली की सगळ्यांचीच निघतात." ते घर मी त्याच क्षणी सोडले. आणि मग त्यांनी मला जो सल्ला दिला तो मी आजवर बदलीवर निघालेल्या प्रत्येक सहकाऱ्याला सांगत आलो आहे: "घराचा सौदा नंतर करा. आधी लेकराला सोबत घेऊन, शाळेच्या वक्ताला, शाळेपर्यंत चालून या."

मी चाललो. मुलाला पुढे ठेवले, त्याच्या पाठीवर भरलेले दप्तर दिले आणि स्वतः दहा पावले मागे राहिलो. दुसऱ्या घरापासून शाळेपर्यंत मला एकट्याला नऊ मिनिटे लागली होती, त्याला पंधरा लागली. त्या पंधरा मिनिटांत जे दिसले ते कोणत्याही चौकशीत कळले नसते. एके ठिकाणी नालीवरची फरशी खचलेली होती आणि तेथे त्याला रस्त्याच्या मध्यावर यावे लागत होते, मोंढ्याकडे जाणारे ट्रॅक्टर नेमके त्याच सुमारास वळत होते, परंतु त्यापुढे लिंबाच्या झाडांची सलग सावली होती, तीन दुकानदार दारात बसलेले होते, आणि एका बाईने "कुणाचा रे तू?" म्हणून त्याला विचारलेही. नांदेड-लातुराकडच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर, परीक्षा आटोपून दुपारी परतणाऱ्या मुलाला सावली आणि ओळख या दोन गोष्टींचे मोल काय असते हे वेगळे सांगावयास नको. फरशीसाठी मी नगर परिषदेत अर्ज दिला आणि दुसऱ्या महिन्यात ती बसली. घर आम्ही तेच घेतले.

वाचकांपैकी ज्यांच्या हाती बदलीचा हुकूम आज-उद्या पडणार आहे, त्यांना माझे सांगणे असे की हे चालणे कामकाजाच्या दिवशीच करावे, रविवारी नव्हे. जाण्याच्या आणि सुटण्याच्या अशा दोन्ही वेळा करावे. आणि गल्लीत पाऊसपाणी कोठवर चढते हे घरमालकाला न विचारता शेजारच्याला विचारावे. किलोमीटरभराच्या आत शाळा असेल तर पाचवीतले मूल कोणाच्याही आधारावाचून जाऊ-येऊ शकते. शिक्षणहक्काच्या कायद्यान्वये केलेल्या नियमांतही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतराच्या आत शाळा असावी अशी तजवीज आहे. तो आकडा मला पूर्वी सरकारी कागदावरचा वाटे, आता तो मुलांच्या पायांचा विचार करणाऱ्या कोणीतरी लिहिला असावा असे वाटते.

जवळची शाळा चांगली कशी ओळखावी, हा प्रश्न अधिक नाजूक. दहावीचा निकाल सर्व शाळा फलकावर लावतात. तो पाहावा, परंतु त्या वर्षी परीक्षेला किती बसले आणि आदल्या वर्षी नववीत पटावर किती होते, हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावे. दुर्बळ मुलांना नववीतच गाळून शंभर टक्क्यांचा निकाल लावणारी शाळा आपल्या मुलाला अडचणीच्या वर्षी हात देणार नाही. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीतली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. मुलीच्या आईने मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन नळ सोडून आणि कडी लावून पाहावी. या एका गोष्टीत मुलाहिजा बाळगू नये. आणि शिक्षकांपैकी किती जण गावात राहतात याची खातरजमा करावी. हे मी, पाच महिने अप-डाऊन केलेला माणूस, जाणून सांगतो आहे: ज्याचे मन चारनंतर गाडीच्या वेळापत्रकात गुंतलेले असते त्याच्याकडून शेवटच्या तासाचे काम नीट होत नाही. मुदखेडच्या ज्या मराठी शाळेत आम्ही मुलांना घातले तेथील गणिताच्या बाई शाळेच्याच गल्लीत राहत. मुलगी संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे.

केंद्र सरकारच्या बदलीपात्र नोकरीत असलेल्यांना आणखी एक वाट खुली असते. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे आणि त्यायोगे केंद्रीय विद्यालयही. अशा विद्यालयांत प्रवेश देताना गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या हे पाहिले जाते, म्हणून जुने बदलीहुकूम जपून ठेवावेत.

दाखल्याच्या बाबतीत मात्र मला जो मनस्ताप झाला तो इतरांना होऊ नये. आधीच्या शाळेने वर्षाची संपूर्ण फी भरल्याखेरीज शाळा सोडल्याचा दाखला देण्यास नकार दिला आणि माझी समजूत अशी होती की दाखल्यावाचून दुसरी शाळा दाराशी उभे करणार नाही. मुदखेडच्या मुख्याध्यापकांनी कपाटातून कायद्याची प्रत काढून पाचव्या कलमावर बोट ठेवले. आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश, दाखला येण्यास विलंब झाला या कारणास्तव, लांबवता किंवा नाकारता येत नाही. त्यांनी दोघांची नावे त्याच दिवशी हजेरीपटावर चढविली. दाखले मागाहून आले.

आता लातूर पॅटर्नविषयी, कारण माझ्या पहिल्या चुकीचे मूळ तेथे होते. ज्या परिश्रमांनी राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी मराठवाड्यातल्या सामान्य घरांतली मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारापर्यंत नेली त्यांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ते परिश्रम अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आहेत. सोळा वर्षांची मुलगी जे सोसू शकते ते दहा वर्षांच्या मुलाकडून वसूल करू पाहणे ही त्या पद्धतीची शिकवण नव्हे. माझी मुलगी दहावीनंतर नांदेडला विज्ञान शाखेत गेली आणि मुदखेडहून आगगाडीने, स्वतःच्या पायांनी स्थानकावर जाऊन, दोन वर्षे ये-जा करीत राहिली. घर ते महाविद्यालय या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. पहाटेच्या गाडीला फलाटावर काकडा आणि गुलाब यांच्या ओल्या कापडाने झाकलेल्या टोपल्या नांदेडच्या बाजारासाठी चढत असत. तिच्या पाण्याच्या बाटलीकडे मी आता रोज पाहत असे.

मुलाविषयी एकच प्रसंग सांगतो. नव्या शाळेत जाऊ लागल्याच्या चौथ्या दिवशी तो सुटण्याच्या वेळेनंतर अर्धा तास उलटला तरी घरी आला नाही. मी त्या दिवशी रजेवर होतो. हातातले काम टाकून निघालो, मोंढ्याच्या वळणापर्यंत पाहिले, दुकानदारांना विचारले. त्यांच्यापैकी एकाने न बोलता स्थानकाच्या दिशेला हात केला. रुळांपासून चांगला लांब, अलीकडच्या लिंबाखाली, दप्तर पायाशी ठेवून तो उभा होता आणि ओठ हलवीत होता. समोरून मालगाडी जात होती. मला पाहून त्याने, मोजणे न थांबविता, बोट ओठांवर ठेवले. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाला, "अठ्ठावन्न. आणि गार्डाचा वेगळा."