कोणाला सांगायचं, किती सांगायचं

नृसिंहवाडीत एखाद्याच्या दारात रुग्णवाहिका उभी राहिली, तर संध्याकाळच्या आत साऱ्या गल्लीला कळतं. गुरुवारी, पौर्णिमेला हे दत्ताचं गाव भाविकांनी फुलून जातं. गर्दी ओसरली की उरतात ती एकमेकांना तीन पिढ्या ओळखणारी घरं. अशा ठिकाणी ‘मला पॅनिक अटॅक येतात’ हे बोलून दाखवावं की मनातच ठेवावं, हा प्रश्न मोठ्या शहरातल्यापेक्षा अवघड होऊन बसतो.

प्रस्तुत लेखिका याच वाडीची. दत्तजयंतीच्या गर्दीत घाटाच्या पायऱ्या उतरताना तिला पहिला अटॅक आला. छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, हातपाय गार पडले आणि ‘आता आपण मरणार’ अशी खात्रीच वाटली. जाऊबाईंनी धरून कडेला बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने सगळं निवळलं. ईसीजीत काही निघालं नाही. पुढे तोच त्रास पुन्हा होऊ लागला, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी त्याचं निदान केलं.

घरात मात्र ‘हिला मधूनच कसंतरी होतं’ एवढंच कळलं होतं. ते शेजारी गेलं, तिथून किराणा दुकानात, आणि प्रत्येक ठिकाणी त्यात भर पडली. कट्ट्यावरच्या एका आजींनी मायेने हाक मारून विचारलं, “वैनी, तुमास्नी फिट येती म्हणं? चप्पल हुंगाय देत्यात का न्हाई घरची?” दुसऱ्या कुणी ‘बाहेरचं बघून घ्या’ म्हणून सुचवलं. एका नातलगाने तर फोनवर आवाज खाली आणून बजावलं, “पोरीला स्थळं बघताय न्हवं? मग हे कुठं बोलू नका.” कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, तरी लेखिकेचं देवळात जाणं कित्येक दिवस बंद झालं.

हा त्रास नेमका काय आहे, हे सांगणाऱ्यालाही नीट माहीत हवं. धोका आला की पळायला किंवा झुंजायला शरीर जी तयारी करतं, तीच तयारी धोका नसताना एकदम सुरू होते; तो पॅनिक अटॅक. काही मिनिटांत तो टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. त्याने जीव जात नाही, वेडही लागत नाही. एखाददुसरा अटॅक म्हणजे आजार नव्हे. ते पुन्हा पुन्हा, ध्यानीमनी नसताना येऊ लागले आणि ‘परत येईल’ या धास्तीत महिनाभर किंवा जास्त काळ गेला, माणूस एसटी, रांग, गर्दी टाळू लागला, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखलं, तर हृदयाचंच दुखणं समजून दवाखाना गाठायचा. हृदय, थायरॉईड, रक्तातली साखर तपासल्यावरच मनाकडे वळायचं. समुपदेशनातली सीबीटी ही विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी पद्धत आणि औषधं, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

न सांगण्याची किंमत मार्कस ट्रेस्कॉथिकने मोजली. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा हा सलामीवीर फेब्रुवारी २००६ मध्ये भारताचा दौरा अर्धवट टाकून मायदेशी परतला. कौटुंबिक कारण पुढे केलं गेलं. नंतर त्याने टीव्हीवर विषाणूच्या आजाराचं नाव घेतलं. मग अफवांना ऊत आला. चिंता आणि नैराश्य हे खरं कारण त्याने २००८ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं. त्यानंतरही तो सॉमरसेटकडून २०१९ पर्यंत खेळत राहिला.

केव्हिन लव्ह या अमेरिकी बास्केटबॉलपटूला ५ नोव्हेंबर २०१७ रोजी भर सामन्यात पॅनिक अटॅक आला. त्याने मार्च २०१८ मध्ये, कारकीर्द ऐन भरात असताना, त्यावर लेख लिहिला. डिमार डीरोझन हा खेळाडू आपल्या नैराश्याबद्दल आधी बोलला होता, त्यामुळे लव्हला धीर आला. आपल्या सचिन तेंडुलकरने कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं आपण सामन्याआधी चिंतेने बेचैन असायचो, झोप लागायची नाही, हे जाहीरपणे सांगितलं ते २०२१ मध्ये, निवृत्तीनंतर साडेसात वर्षांनी. सांगण्याची वेळ ज्याची त्याने ठरवायची असते, हेच यातून दिसतं.

पहिल्यांदा सांगायचं डॉक्टरांना. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्यानंतर, अटॅक येईल तेव्हा जी व्यक्ती जवळ असण्याची शक्यता आहे, तिला सांगावं. नवरा, जाऊ, मैत्रीण, शेजारच्या टेबलावरचा सहकारी, कुणीही. शब्द आधी ठरवून ठेवले तर बरं: “मला कधी कधी पॅनिक अटॅक येतो. छाती धडधडते, श्वास लागतो, अर्ध्या तासात थांबतं. तेव्हा मला गर्दीतून बाजूला ने, जवळ बस, श्वास सावकाश सोडायला सांग. माणसं गोळा करू नको. आणि हे तुझ्यापाशीच ठेव.” लेखिकेने जाऊबाईंना हेच सांगितलं आणि दोघी पुन्हा घाटावर जाऊ लागल्या.

कामाच्या ठिकाणी सगळ्यांना सांगण्याची गरज नसते. पण कुणी गाडी चालवत असेल, उंचावर चढत असेल, इचलकरंजीत यंत्रमागावर उभा राहत असेल, तर मालकाला किंवा वरिष्ठाला कल्पना असावी. आरोग्य विम्याच्या अर्जात आजाराबद्दल विचारलं असेल, तर खरंच लिहावं. लपवलेलं पुढे दाव्याच्या वेळी आडवं येतं. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं वर उल्लेखलेला कायदाच सांगतो. लग्न ठरत असेल तर साखरपुड्याआधी मुलामुलीने आपसात बोलून घ्यावं, मध्यस्थाच्या तोंडून नको.

बाकी कुणाला काही सांगणं लागत नाही. ‘डॉक्टरांचं चालू आहे, आता बरं आहे’ एवढं पुरतं.

दत्ताच्या पायाशी बसून मनाला शांतता मिळत असेल तर जरूर बसावं, फक्त गोळ्या बंद करू नयेत. भूत उतरवतो म्हणून कुणी मारहाण केली, साखळीने बांधलं, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

वाडीकरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर या गावाने सोसले आहेत. पाणी चढू लागलं की काहींची छाती दडपते, आणि नेमकं तेव्हाच बोटीत बसायचं असतं. ज्याला हा त्रास आहे, त्याने घर रिकामं करताना सोबत असणाऱ्या माणसाला पावसाळ्याआधीच सांगून ठेवावं, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवावी. ऐनवेळी बोटीत समजावून सांगायला कुणालाच सवड नसते.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. घरात कुणाला सांगायचा धीर होत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.